‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’: पुन्हा पुन्हा होणारी एक चूक आणि ती दुरुस्त करायचा क्रम

लक्षणं

यातलं एखादं वाक्य तुमच्या मेलमध्ये, कॉलवर किंवा मुलाखतीत सारखं येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

“आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स.”
“द इश्यू इज पेंडिंग फ्रॉम मंडे.”
“आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.”
“आय ॲम नोइंग हिम सिन्स कॉलेज.”
“सिन्स हाऊ मेनी इयर्स यू आर वर्किंग हिअर?”

काही लक्षणं बोलणाऱ्याकडे दिसत नाहीत, ऐकणाऱ्याकडे दिसतात. तुम्ही अनुभव सांगता आणि समोरचा खात्री करून घ्यायला विचारतो, “सो, आर यू स्टिल देअर?” किंवा बाहेरदेशातून आलेल्या पाहुण्याला तुम्ही सहज विचारता, “हाऊ लाँग आर यू स्टेइंग इन मुंबई?” आणि तो म्हणतो, “टिल फ्रायडे.” तुम्हाला तो कधी आला हे हवं होतं, त्याने कधी जाणार ते सांगितलं. त्याचं काही चुकलं नाही. प्रश्नाचा अर्थच तो होता.

आणखी एक. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर या वाक्यांखाली लाल रेघ मारत नाही, कारण प्रत्येक शब्द सुटा घेतला तर बरोबरच आहे. चूक दोन शब्दांच्या जोडणीत आहे. म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

ऐरोलीच्या एका ऑफिसात सपोर्ट टीमचे मेल बाहेर जाण्याआधी नजरेखालून घालणं हे माझं काम आहे, आणि शनिवार-रविवारी मी कळव्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची इंग्रजी बोलण्याची बॅच घेते. दोन्हीकडे सगळ्यात जास्त वेळा हीच एक चूक हाताखालून जाते. बी.कॉम. करणारी मुलगी ती करते आणि पंधरा वर्षं नोकरी झालेला टीम लीडही करतो. इंग्रजी कच्चं असल्याची ही खूण आहे असं मला अजिबात वाटत नाही. पक्कं मराठी डोक्यात असलेला माणूस ही चूक करतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बिघाड नेमका कुठे आहे

मराठीत आपण म्हणतो, “मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय.” आणि “मी सोमवारपासून इथे काम करतोय.” दोन्हीकडे ‘पासून’, दोन्हीकडे क्रियापद वर्तमानकाळात. मराठीला तेवढं पुरतं. इंग्रजी इथे दोन गोष्टी वेगळ्या करते. पहिली, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स आणि एकूण कालावधी सांगायचा तर फॉर. दुसरी, काम मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलं असेल तर नुसतं ‘ॲम वर्किंग’ चालत नाही, ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. शाळेच्या व्याकरणात याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. त्या नावातल्या ‘पूर्ण’ने बराच घोळ घातलाय. मुलांना वाटतं हॅव आलं म्हणजे काम संपलं. मग चालू कामाला हॅव लावायची त्यांना भीती वाटते.

फक्त आपलंच असं होतं असंही नाही. फ्रेंच आणि जर्मन माणूसही त्याच्या भाषेत ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ असं साध्या वर्तमानकाळातच म्हणतो, आणि इंग्रजी शिकताना त्याचाही पाय नेमका इथेच घसरतो. वर्गात हे सांगितलं की मुलांचे खांदे जरा सैल होतात, म्हणून मी ते आवर्जून सांगते.

आता तपासण्या. सगळ्यात सोपी आधी. क्रम मोडू नका. बऱ्याच जणांचं काम पहिल्या तीन तपासण्यांतच होतं, पुढे जायची गरज पडत नाही.

पहिली तपासणी: सिन्सच्या पुढे काय आहे?

मेल पाठवण्याआधी शोधाच्या चौकटीत ‘सिन्स’ टाका. जिथे जिथे तो सापडेल तिथे त्याच्या पुढचे दोन शब्द वाचा. बाकी काही बघू नका.

पुढे एखादा क्षण किंवा घटना असेल, म्हणजे मंडे, २०१९, मार्च, लास्ट दिवाळी, आय जॉइन्ड, तर सिन्स बरोबर. पुढे मोजमाप असेल, म्हणजे टू डेज, थ्री इयर्स, हाफ ॲन अवर, अ लाँग टाइम, तर सिन्स काढा आणि फॉर घाला. ‘सिन्स लास्ट थ्री इयर्स’ फसवं आहे. लास्ट आल्यामुळे ते एखाद्या ठरावीक वेळेसारखं दिसतं, पण ते मोजमापच आहे. ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’ लिहा.

गोंधळ होत असेल तर मराठीतच एक कसोटी आहे. तेच वाक्य ‘पासून’ न वापरता ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून म्हणून बघा. “गेली तीन वर्षं मी इथे काम करतोय.” “गेले दोन दिवस ताप आहे.” हे जमतं, म्हणून फॉर. ‘२०१९ पासून’ला ‘गेले २०१९’ म्हणताच येत नाही, आणि ‘सोमवारपासून’ऐवजी ‘गेला सोमवार’ म्हटलं तर अर्थच बदलतो. म्हणून तिथे सिन्स. ही कसोटी मी इतर कुठल्याही नियमाआधी शिकवते, कारण ती मुलांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. नवीन काही पाठ करावं लागत नाही.

इथेच ‘फ्रॉम’कडेही बघून घ्या. ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम २०१९’ चालत नाही. फ्रॉम दोन ठिकाणी बसतो. एक, दोन्ही टोकं सांगायची असतील तेव्हा: ‘आय वर्क्ड देअर फ्रॉम २०१५ टू २०१९.’ दोन, पुढची गोष्ट असेल तेव्हा: ‘द ऑफिस विल बी क्लोज्ड फ्रॉम मंडे.’ मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला सिन्सच हवा.

एक अपवाद वाटेल असं वाक्य: “इट्स बीन थ्री इयर्स सिन्स आय जॉइन्ड.” यात थ्री इयर्सही आहे आणि सिन्सही. पण सिन्सच्या पुढे काय आहे बघा. आय जॉइन्ड, म्हणजे घटना. नियम जागेवरच आहे.

ही तपासणी आधी का? कारण क्रियापद कुठलं घ्यायचं याचा इशारा या शब्दांकडूनच मिळतो. सिन्स किंवा फॉर दिसला की क्रियापदाकडे संशयाने बघायची सवय लागली, तर पुढचं सोपं जातं.

दुसरी तपासणी: काम अजून चालू आहे की संपलं?

याला पैसे लागत नाहीत, व्याकरण लागत नाही, फक्त स्वतःला खरं उत्तर द्यायचं. मात्र ही चुकली तर नुकसान सगळ्यात मोठं होतं.

माझ्या बॅचमधली एक मुलगी वागळे इस्टेटमधल्या एका फर्ममध्ये अकाउंट्स बघायची. नोकरी चालूच होती, जरा बरी मिळते का बघत होती. मुलाखतीत तिने सांगितलं, “आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर फोर इयर्स.” व्याकरणात कुठेही चूक नाही. समोरून पुढचा प्रश्न आला, “व्हाय डिड यू लीव्ह?” ती गडबडली. मी कुठे सोडलीय, हे तिला मराठीत लगेच सुचलं, इंग्रजीत सुचलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याने तिचं वाक्य अगदी बरोबर ऐकलं होतं. ‘वर्क्ड फॉर फोर इयर्स’ म्हणजे चार वर्षं केलं आणि संपलं. तिला म्हणायचं होतं, “आय हॅव बीन वर्किंग इन अकाउंट्स फॉर फोर इयर्स.”

म्हणजे फॉर दोन्हीकडे चालतो. संपलेल्या कामाला वर्क्ड, चालू असलेल्याला हॅव बीन वर्किंग. सिन्स मात्र नेहमी आजपर्यंत येतो, म्हणून ‘आय वर्क्ड देअर सिन्स २०१५’ हे कुठल्याच अर्थाने बसत नाही.

‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फोर इयर्स’ चालेल का, हे मला दर बॅचला विचारलं जातं. चालेल. वर्क आणि लिव्ह या क्रियापदांत दोन्ही रूपांचा अर्थ जवळजवळ सारखाच आहे. पण सुरुवातीला एकच रूप पक्कं करा, हॅव बीन वर्किंग. दोन्हींच्या मागे लागलं की ऐनवेळी जिभेवर एकही येत नाही.

तिसरी तपासणी: ॲम, इज, आर यांची अदलाबदल

ही माझी सगळ्यात आवडती, कारण मेलमधल्या बहुतेक चुका इथे मिटतात. सिन्स किंवा फॉर असलेलं वाक्य घ्या, काम अजून चालू आहे याची खात्री करा, आणि मग फक्त एवढं करा: ॲम असेल तर हॅव बीन. आर असेल तर हॅव बीन. इज असेल तर हॅज बीन. बाकी वाक्याला हात लावू नका.

‘द इश्यू इज पेंडिंग सिन्स मंडे’ होतं ‘द इश्यू हॅज बीन पेंडिंग सिन्स मंडे’. ‘द सर्व्हर इज डाऊन फॉर टू अवर्स’ होतं ‘द सर्व्हर हॅज बीन डाऊन फॉर टू अवर्स’. पाहा, डाऊनला आयएनजी नाही, तरी अदलाबदल तशीच चालली. ‘दे आर वेटिंग’चं ‘दे हॅव बीन वेटिंग’. ‘नॉट’ असेल तर तो मधे जातो: ‘हॅज नॉट बीन वर्किंग’.

एक अख्खा मेल जवळून बघू. आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाने लिहिला होता, त्याला विचारून इथे देतेय.

“द प्रिंटर ॲट द बेलापूर ऑफिस इज नॉट वर्किंग सिन्स टू वीक्स. आय ॲम फॉलोइंग अप विथ द व्हेंडर फ्रॉम मंडे. आय ॲम कॉलिंग हिम थ्री टाइम्स सिन्स मॉर्निंग.”

पहिलं वाक्य. सिन्सच्या पुढे टू वीक्स, मोजमाप, म्हणून फॉर. बिघाड अजून आहे. इज नॉट वर्किंगचं हॅज नॉट बीन वर्किंग. झालं: “द प्रिंटर ॲट द बेलापूर ऑफिस हॅज नॉट बीन वर्किंग फॉर टू वीक्स.”

दुसरं. फ्रॉम मंडे, पण पाठपुरावा चालूच आहे, म्हणून सिन्स. ॲम फॉलोइंगचं हॅव बीन फॉलोइंग. “आय हॅव बीन फॉलोइंग अप विथ द व्हेंडर सिन्स मंडे.”

तिसरं वाक्य या अदलाबदलीने नीट होत नाही. ‘हॅव बीन कॉलिंग हिम थ्री टाइम्स’ कानाला खटकतं आणि खटकायलाच हवं. त्याचा इलाज पाचव्या तपासणीत आहे.

त्या मुलाने ही तीन वाक्यं मॉनिटरच्या कडेला चिकटवली. पुढे तो टीममधल्या इतरांचे मेल तपासून द्यायला लागला. हे इतकं यांत्रिक आहे म्हणूनच जमतं. मुद्दाम यांत्रिक ठेवा. ऑफिसच्या घाईत काळाचा तक्ता आठवत बसायला कुणाला वेळ असतो?

प्रश्नालाही हाच नियम. ‘सिन्स हाऊ मेनी इयर्स यू आर वर्किंग हिअर’ मोडून ‘हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?’ करा. त्या पाहुण्याला विचारायचं होतं ते ‘हाऊ लाँग हॅव यू बीन इन मुंबई?’ आर ठेवलात की प्रश्न पुढच्या दिवसांचा होतो, हॅव बीन घातलंत की मागच्या दिवसांचा.

चौथी तपासणी: या क्रियापदाला आयएनजी लागतो का?

इथून पुढे थोडं डोकं लावावं लागतं. काही क्रियापदं काम सांगत नाहीत, स्थिती सांगतात. नो, हॅव, ओन, लाइक, बिलाँग, अंडरस्टँड. यांना सहसा आयएनजी लागत नाही, म्हणून हॅव बीन नोइंग होत नाही. ‘आय हॅव नोन हिम सिन्स कॉलेज.’ ‘वी हॅव ओन्ड धिस शॉप फॉर ट्वेंटी इयर्स.’

तापाचं वाक्य इथे येतं. सुट्टीच्या मेलमध्ये ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज’ हे ठरलेलं. ‘आय हॅव बीन सफरिंग’ केलंत तर व्याकरण सुटतं, पण दोन दिवसांच्या तापाला सफरिंग फार जड होतं. ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज’ लिहा. हॅव हॅड बघून सगळे दचकतात आणि टायपिंगची चूक समजून एक हॅड खोडतात. खोडू नका. पहिला हॅव काळाचा, दुसरा हॅड तापाचा.

तसंच ‘आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. त्यात सिन्स नाही, फॉर नाही, आणि एक्स्पीरियन्स ही स्थिती आहे. सरळ ‘आय हॅव’.

पाचवी तपासणी: मोजलंय का?

वाक्यात कामाची संख्या असेल तर बीन आणि आयएनजी काढा. ‘आय हॅव बीन रायटिंग मेल्स सिन्स धिस मॉर्निंग’, कारण इथे काम चालत राहिल्याचं सांगायचंय. ‘आय हॅव रिटन टेन मेल्स सिन्स धिस मॉर्निंग’, कारण इथे किती झालं ते सांगायचंय. प्रिंटरवाल्या मेलचं तिसरं वाक्य म्हणून असं होतं: “आय हॅव कॉल्ड हिम थ्री टाइम्स सिन्स धिस मॉर्निंग.” नुसतं सिन्स मॉर्निंग आपल्याकडे सर्रास चालतं. बाहेरच्या क्लायंटला लिहिताना धिस घाला, म्हणजे कुठली सकाळ हा प्रश्न उरत नाही.

सहावी तपासणी: गोष्ट कालची आहे का?

‘ट्रेन आली तेव्हा मी अर्ध्या तासापासून वाट बघत होतो.’ इथे वाट बघणं आजपर्यंत आलेलं नाही, कालच्या एका क्षणापर्यंत आलंय. म्हणून हॅवचं हॅड: ‘व्हेन द ट्रेन केम, आय हॅड बीन वेटिंग फॉर हाफ ॲन अवर.’ बाकी सगळं तेच. मेलमध्ये हे क्वचित लागतं, किस्सा सांगताना लागतं. पहिल्या पाच तपासण्या पक्क्या होईपर्यंत याच्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

सातवी आणि सगळ्यात अवघड: लिहिताना बरोबर, बोलताना चूक

बरेच जण इथे अडकतात. कागदावर एकही चूक नाही, तोंड उघडलं की ‘आय ॲम वर्किंग सिन्स’. मला यात दोन कारणं दिसतात.

एक म्हणजे कान. बोलताना कुणी ‘आय हॅव बीन’ असं सुटं सुटं म्हणत नाही, ‘आयव्ह बिन’ म्हणतात. त्यातला व्ह इतका हलका असतो की आपल्याला तो ऐकूच येत नाही. जे ऐकू येत नाही ते बोलण्यात कसं येणार? एखादी मुलाखत किंवा बातमी लावा आणि फक्त आयव्ह, वीव्ह, हीज बिन कुठे येतं तेवढंच पकडा. अर्थाकडे लक्ष नाही दिलंत तरी चालेल.

दुसरं कारण, वाक्याची सुरुवात. ‘आय ॲम’ म्हणून झाल्यावर पुढे सिन्स येणार हे आपल्याला शेवटी कळतं. तोपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. इलाज एकच, पहिले तीन शब्द एकाच झटक्यात तोंडात बसवणं. ‘आयव्ह बिन लिव्हिंग’, ‘आयव्ह बिन वर्किंग’, ‘आयव्ह बिन ट्राइंग’. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ येणारच, आणि त्याच्या उत्तरात ही तिन्ही लागणार.

सरावाला वाक्यं कुठून आणायची, तर आपल्याच भागातून आणा. बॅचमध्ये मी प्रत्येक तारखेची दोन वाक्यं करून घेते: एक तो दिवस सांगणारं, दुसरं तेव्हापासून आजपर्यंतचं. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. ‘द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन १८५३.’ मग, ‘ट्रेन्स हॅव बीन कमिंग टू ठाणे सिन्स १८५३.’ ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. ‘इट ओपन्ड इन १८९३’, आणि ‘इट हॅज बीन लेंडिंग बुक्स सिन्स १८९३’. बेलापूर ते पेंढर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ‘इट स्टार्टेड इन नोव्हेंबर २०२३’, ‘इट हॅज बीन रनिंग सिन्स देन’. नवी मुंबई महापालिका १९९२ पासूनची, पण एक्झिस्ट हे स्थितीचं क्रियापद, म्हणून ‘इट हॅज एक्झिस्टेड सिन्स १९९२’. तारीख आणि इन आला की साधा भूतकाळ, तारीख आणि सिन्स आला की हॅव. ही जोडी कानात बसली की रेझ्युमेतली एक वेगळी चूकही आपोआप जाते.

दुरुस्तीनंतर उद्भवणारे नवे बिघाड

हॅव बीन हाती लागलं की काही दिवस ते नको तिथेही लागतं. हे होतंच, घाबरू नका, पण बघत राहा.

रेझ्युमेत ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.कॉम. इन २०१८’ दिसतं. २०१८ हा संपलेला काळ आहे, ‘आय कम्प्लीटेड’ हवं. वर्ष द्यायचं नसेल तर हॅव कम्प्लीटेड बरोबर. ‘यस्टर्डे’बरोबरही हॅव नको.

‘द फाइल हॅज बीन चेकिंग’ हे त्याहून वाईट, कारण त्यात फाइलच तपासायला बसलेली असते. फाइल तपासली गेली असेल तर ‘हॅज बीन चेक्ड’. बीननंतर आयएनजी म्हणजे कर्ता स्वतः काम करतोय, बीननंतर तिसरं रूप म्हणजे त्याच्यावर काम झालंय. पाठवण्याआधी कर्त्याला विचारा, हे तू करतोयस की तुला केलं जातंय? ‘हॅव बीन वर्क्ड’ हेही याच घोळातलं.

आणि ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे तो जाऊन आला. अजून तिकडेच असेल तर ‘ही हॅज गॉन टू पुणे’. सहकारी रजेवर असताना फोनवर हे चुकलं, तर समोरचा तो ऑफिसात आहे असं समजून लाइनवर थांबून राहतो.

कुठे थांबायचं

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. आपसातल्या बोलण्यात, व्हॉट्सॲपवर, ऐरोलीच्या कँटीनमध्ये ‘आय ॲम हिअर सिन्स टू इयर्स’ सगळ्यांना कळतं. भारतभर असंच बोललं जातं. तिथे कुणाला टोकू नका, चारचौघांत तर मुळीच नको. मीटिंगमध्ये टोकलेला माणूस पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि ते नुकसान चुकीच्या सिन्सपेक्षा कितीतरी मोठं आहे.

काही ठिकाणी मात्र स्वतः दुरुस्ती करत बसू नका.

व्हिसाचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, अनुभवाचा दाखला, करार. यात ‘वर्क्ड’ आणि ‘हॅज बीन वर्किंग’ यांतला फरक म्हणजे नोकरी सोडली की नाही, घरात राहणं बंद केलं की नाही, इतका मोठा असतो. मसुदा वकिलाकडून किंवा ते काम रोज करणाऱ्या माणसाकडून बघून घ्या. माझ्यासारख्या शिकवणारीचं मत तिथे पुरेसं नाही.

आयईएलटीएससारखी परीक्षा देताय आणि लेखनाचा बँड दुसऱ्यांदा तिथेच अडकलाय? त्या परीक्षेत लेखन चार निकषांवर तपासतात, चारही सारख्या वजनाचे, आणि व्याकरण त्यातला एक. अडलंय ते नक्की कुठे हे तयार उत्तरं पाठ करून कळणार नाही. तुमचं लिखाण ओळन् ओळ तपासून देणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाला गाठा.

बोलताना शब्द अडकणं, पहिलं अक्षर सुटतच नाही, आणि हे मराठी बोलतानाही होत असेल, तर तो व्याकरणाचा प्रश्न नाही. स्पीच थेरपिस्टकडे जा. शाळेतल्या मुलाला मराठी वाचतानाही अक्षरं उलटसुलट दिसत असतील, लिहिताना शब्द गळत असतील, तर इंग्रजीच्या क्लासला घालून त्याला शिणवू नका. आधी शाळेतल्या समुपदेशकाशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

आणि वरचं काहीच नसेल, मन लावून सराव करूनही महिन्या-दोन महिन्यांनी बोलताना तीच चूक येत असेल, तर समोर बसून ऐकणारा एखादा चांगला शिक्षक शोधा. जाताना तुमचे स्वतःचे पाठवलेले मेल आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं दोन मिनिटांचं बोलणं बरोबर न्या, जसं आहे तसं, काहीही न सुधारता.